दर्शनाच्या चित्राचा अर्थ

चार माणसं रंग घेऊन बसली की चित्रं कमी आणि किस्से जास्त तयार होतात. सुकापूरला पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर आमचा रविवारचा चित्रकलेचा वर्ग भरायचा. तिथले किस्से मी अजून लग्नाच्या पंगतीत खपवते!

एकदा सरांनी सगळ्यांना आरशात बघून स्वतःचं चित्र काढायला लावलं. बँकेतल्या जोशीकाकांनी स्वतःला भरघोस केस दिले. मी दोन हनुवट्यांची एक केली. दर्शना आमच्यात सगळ्यात लहान, उरणकडच्या कोळ्यांची पोरगी. तिने मात्र आरशात दिसलं तेच काढलं. सावळा-बिवळा नाही, चांगला काळा रंग, कपाळाला आठ्या आणि ओठ घट्ट मिटलेले.

*

सर त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. "हे ओठ बघा. पिढ्यान्‌पिढ्यांचं मौन आहे यात."

"सर, दुसरा ब्रश दातात धरला होता," दर्शना म्हणाली. "चित्रात तो नको वाटला."

*

जोशीकाकांनी केसांतल्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "अकाली प्रौढत्व. विमानतळ येतंय, गावं उठणार, त्याची चिंता."

"काका, गिरणीचं पीठ आहे ते. तुमच्याही डोक्यावर आहे."

काकांनी रुमाल काढून टक्कल पुसलं.

*

चित्र घरी भिंतीवर लागलं. दर्शनासाठी स्थळं बघणं चालू होतं, तेव्हा तिच्या आईने सरळ हिशोबी अर्थ लावला. "पावनं ह्या बघून उठून जातील. रंग जरा उजल कर."

"नाय करनार. हाय तशी हाय मी."

आईने चित्राचं तोंड भिंतीकडे केलं. दर्शनाने ते परत फिरवलं. मग रोजच सुरू झालं. आई मासळी विकून आली की चित्र उलटं, ही घरी आली की सुलटं. "आई दमेल, मी नाही दमणार," असं ती आम्हाला सांगायची. मला तिचं भारी कौतुक वाटायचं आणि धाकधूकही. स्थळ मोडलं तर वर्ग बंद, असं तिच्या बाबांनी बजावलं होतं.

*

शेवटी पाहुणे आले. दर्शनाच्या साडीच्या निऱ्या घालायला मी हजर होते. चित्र त्या दिवशी सुलटं होतं.

स्थळाला पाठवायचा फोटो आमच्याकडचा स्टुडिओवाला न सांगताच गोरा करून देतो. मुलाच्या आईने पर्समधून तो काढला. फोटोकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या चित्राकडे.

"ह्यातली खरी कोनची?"

बाबा खाली बघत बसले. दर्शना तोंड उघडणार, तेवढ्यात तिची आई उठली. बाईंच्या हातातून तिने फोटो काढून घेतला, कमरेला खोचला आणि चित्राला खेटून उभी राहिली.

"ही. पटत असंल तं च्या घ्या."