खालून येणारे बुडबुडे

स्कूबाच्या पहिल्या कोर्सची शेवटची डुबकी. समुद्रातल्या खडकाच्या कडेशी शिक्षकांनी तळहात दाखवून मला थांबवलं. नवशिक्यांनी त्याहून खोल जायचं नसतं. कडेपलीकडे नुसता निळा काळोख, आणि त्यातून बुडबुड्यांची चंदेरी माळ मोठी होत होत वर येत होती. मला न दिसणारं कुणीतरी तिथे निवांत श्वास घेत होतं!

बोटीत बसल्यावरही ते बुडबुडे पाण्यावर फुटताना दिसत होते. पन्नाशीत एवढी हौस पुरे, असं मी घरी सांगून आले होते.

“ताई, पुढचा कोर्स करणार?” शिक्षकांनी विचारलं. मी पुढच्या बुडबुड्याची वाट बघत होते.

“आधी श्वास घ्या,” ते हसले. श्वास कधीच रोखायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा, आणि मी तो बोटीत विसरले होते.

श्वास घेतला आणि विचारलं, “खाली कधी जायचं?”