सहीची पहिली रेघ
चूक माझीच होती, आणि ती भीतीपोटी झाली. सॅनिटायझरचा उग्र वास आला की अजूनही २०२० च्या हिवाळ्यातलं, डब्लिनजवळच्या आमच्या हॉस्पिटलचं कँटीन आठवतं. खिडकीवर पाऊस होता आणि भिंतीवरच्या टीव्हीत एक पुढारी सांगत होता, इथे राबणाऱ्या प्रत्येकाला समान संधी मिळेल, सरकार पाठीशी उभं राहील. समोर बसलेली नागपूरची ज्युनिअर डॉक्टर मास्कआडून हसली. "ऐकलंत सर? आता होणार बघा मी सर्जन!" ती चार वर्षं ज्युनिअरचंच काम करत होती, पण सर्जनच्या ट्रेनिंगच्या जागा आधी युरोपियन नागरिकांना जात. त्याविरुद्ध तिने मंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. सहीची पहिली रेघ माझ्यासाठी मोकळी होती, कारण तिथल्या भारतीय डॉक्टरांत मी सीनिअर, आणि माझ्याआधी आपल्यातलं कुणी सही करणार नव्हतं. माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारकडे पडून होता. "तो म्हणतोय ना टीव्हीवर, थोडं थांब," मी म्हणालो. "थांबूनच तर इथवर आले, सर," म्हणत तिने पत्राची घडी घातली. ते पत्र गेलंच नाही. पुढच्या वर्षी मला नागरिकत्व मिळालं आणि ती नागपूरला परतली. काल तिला फोन केला, तर वडिलांच्या दवाखान्यात ती सर्दी-खोकल्याचे पेशंट बघत होती. सर्जरीसाठी पुन्हा अर्ज करशील का, मी विचारलं. "आता कशाला सर, वय निघून गेलं," ती म्हणाली. "तुला थांब म्हणालो ते स्वतःसाठी," मी म्हणालो, "मी घाबरलो होतो. मला माफ कर."