अंतरपाटावरचा भारद्वाज

मी धाग्यांचं काम करते, असं सांगितलं की समोरच्या माणसाकडे दोनच प्रश्न असतात. बाई असेल तर, "ब्लाऊजवर करून द्याल का?" आणि पुरुष असेल तर, "मिस्टर काय करतात?" पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. दुसऱ्याचं उत्तर असं की मिस्टर निवृत्त आहेत आणि माझ्या हरवलेल्या सुया शोधतात, बहुतेक वेळा तळपायाने.

गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली माझी. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि त्यावर रेशमाने चित्र भरायचं, हा माझा कित्येक वर्षांचा उद्योग. झाडं, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, असलं काहीबाही मी भरते. लोक कळवळून म्हणतात, "किती पेशन्स हो तुम्हाला!" चित्राबद्दल बोलायचं नसलं की लोक पेशन्सबद्दल बोलतात. जणू मी चित्र केलेलं नाही, आजार काढला आहे.

प्रदर्शनंही केली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मी स्वतः पाहिलेलं आहे, माणूस चित्रासमोर जेवढा थांबतो त्यापेक्षा जास्त लिफ्टसमोर थांबतो. कुणी फारच रेंगाळलं तर समजावं, वर पंखा आहे.

न थांबणाऱ्यांत पहिला नंबर माझ्या मुलीचा. लहानपणापासून ती माझ्या कामाच्या शेजारून गेली, समोर कधी उभी राहिली नाही. तिची बाजू मला समजते. ज्या घरात सोफ्यावर सुई असते आणि पोह्यांत लाल दोरा निघतो, तिथल्या मुलाला कलेचं प्रेम कुठून वाटणार? पुढे ती पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला गेली. मी नव्या कामाचा फोटो पाठवला की फोनवर तिचा अंगठा यायचा. नुसता अंगठा. फोटो उघडायच्या आधीच तो यायचा, असा मला दाट संशय आहे.

तर मागच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, आणि मला एकदम अंतरपाट सुचला.

तुम्हीच विचार करा. मुलगी सजून उभी आहे. दोन्ही हातांत हार, म्हणजे फोन नाही. मागे मामा, बाजूला करवल्या, म्हणजे पळायला वाट नाही. आणि नाकासमोर हातभर अंतरावर एक कापड, मंगलाष्टकं संपेपर्यंत. शिवाय प्रत्येक लग्नात चार काकूंना आपला आवाज गोड असल्याचा भ्रम असतो, त्यामुळे मंगलाष्टकं लवकर संपत नाहीत. असा प्रेक्षक कुठल्या कलावंताला मिळतो? लेकीने एकदा, फक्त एकदा, माझं काम नीट बघावं एवढंच मला हवं होतं. मी तिला सांगितलं, अंतरपाट मी करणार. ती म्हणाली, "कर की. फक्त फार ताण घेऊ नकोस."

मी ताण घेतला.

हल्ली अंतरपाट तयार मिळतात. मोर, कलश, सनई, खाली दोघांची नावं. मला ते नको होतं. मी भारद्वाज भरायचं ठरवलं. आमच्या इमारतीमागे बदामाचं झाड आहे, त्यात तो यायचा. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. शाळेत असताना मुलगी परीक्षेच्या दिवशी तो दिसल्याशिवाय बुटाची नाडी बांधायची नाही. ती खिडकीला नाक लावून उभी, खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवताहेत, आणि पक्षीमहाशय पानांत दडून बसलेले. तिच्या मागे उभी राहून मीही शोधायची. मोठी झाल्यावर ती शकुनबिकुन मानेनाशी झाली, ते सगळं विसरलीही असावी. मी विसरले नव्हते.

अंतरपाटाला मागची बाजू नसते, हे काम सुरू केल्यावर लक्षात आलं. इकडून नवरी बघणार, तिकडून नवरदेव. एरवी भरतकामाच्या मागे गाठी आणि लोंबणारे धागे असा सगळा पसारा लपवता येतो. इथे लपवायला जागाच नाही. म्हणून गाठ मारायची नाही, प्रत्येक धाग्याचं टोक टाक्यांच्या पोटात खुपसायचं, आणि घडीघडी चौकट उलटी करून बघायचं. येवल्याहून आणलेल्या मोतिया रंगाच्या रेशमी कापडावर मी अख्खा पावसाळा बसले आणि दिवाळीही बसले. फराळ विकतचा आणला. भारद्वाजाचं अंग काळं दिसतं, पण मी त्यात काळा धागा एकही घातला नव्हता. गडद निळा, बाटलीचा हिरवा, वांग्याचा जांभळा, असे एकेक पदर सुटे करून एका सुईत ओवले होते. पंख विटकरी, डोळा लालभडक. फोटो मुद्दाम काढला नाही, ह्या वेळी मला अंगठा नको होता. काम संपल्यावर मी स्वतःवरच बेहद्द खूश झाले. अशा वेळी माणसाने दार लावून घरात बसावं.

मी मात्र हात दाखवून अवलक्षण केलं. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी, मुलगी आतल्या खोलीत मेंदी वाळवत बसलेली आणि कार्यालयात चहा फिरत असताना, मी तो अंतरपाट मुलाकडच्यांना उलगडून दाखवला. मुलाकडचे मनमाडचे, मोकळी माणसं. मुलाच्या मोठ्या आत्याबाईंनी चष्मा वर सारला आणि कापडावर वाकल्या.

"लय बारीक काम हाय," त्या म्हणाल्या. "पन विहीणबाई, कावळा कशापायी काढला?"

नाशिकमध्ये कावळा ही साधी गोष्ट नाही. कुठकुठून माणसं रामकुंडावर येतात आणि त्याची मनधरणी करतात. आमच्या गावात कावळ्याइतकी वाट कुणाचीच बघत नाहीत, पण ती लग्नात नव्हे.

"कावळा नाही हो, भारद्वाज आहे," मी म्हणाले. "डोळा बघा ना, लाल आहे."

"डोळा लाल हाय, पन अंग काळं हाय ना. मंगलकार्यात काळं नाय चालत."

"त्यात काळा धागाच नाही. हा बघा निळा, हा हिरवा, हा जांभळा."

त्यांनी कापड हातभर लांब धरलं, मान तिरकी केली आणि नीट निरखून म्हणाल्या, "लांबून काळंच दिसतंय, बाई."

माझ्या कामाकडे इतका वेळ लावून बघणारं हे पहिलंच माणूस, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. लांबून काळंच दिसत होतं. तेच साधायला मी पावसाळा घालवला होता. मंगळसूत्रातले मणी बरे काळे चालतात, असं अगदी जिभेच्या टोकावर आलं, तेवढ्यात ह्यांनी माझं कोपर धरलं. ह्यांना माझी जीभ ठाऊक आहे.

गुरुजींना विचारलं. गुरुजी दोन्हीकडचं जेवलेले माणूस. "शास्त्रात रंगाचं तसं काही बंधन नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मग आत्याबाईंकडे वळले, "पण रूढी शास्त्रापेक्षा बलवान." आणि त्यांनी पिशवीतून आपला पांढरा पंचा काढला, कुंकवाचं स्वस्तिक असलेला. तोडगा निघाला, दोन्ही कापडं एकावर एक धरायची. पांढरं मुलाच्या बाजूला, माझं मुलीच्या. फोटोवालाही मुलाच्याच बाजूला उभा राहणार. आत्याबाईंचं समाधान झालं, ह्यांना हायसं वाटलं.

माझा मात्र तिळपापड झाला. दोन्ही बाजूंनी जीव ओतला होता, त्यातली एक बाजू अख्खी पंच्याखाली जाणार. पण चहाचा कप खाली ठेवेपर्यंत डोक्यात उजेड पडला. मला जिने बघायला हवं होतं तिची बाजू शाबूत होती. आता ती एकटीच बघणार, हे तर सोन्याहून पिवळं.

एक गोष्ट मी विसरलेच होते. मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने लग्न बघायचं नसतं, तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. मुहूर्ताच्या आधी माझ्या मोठ्या जाऊबाईंनी माझ्या हातात तांब्या दिला आणि मला कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं. समोर प्लास्टिकच्या कुंडीत तुळस, शेजारी स्वयंपाकाची रिकामी पातेली. जन्मभर मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून प्रेक्षकांवर पाळत ठेवली, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती कापडासमोर उभी राहिली तेव्हा मी भिंतीआड.

लाउडस्पीकरवरून काकूंचे आवाज येत होते. त्यातल्या एक 'सावधान'ला इतक्या वर चढल्या की परत खाली येईनात. मी पाणी घालत होते. आता तिला डोळा दिसला असेल. आता पंख. की ती नवऱ्याचे पायच बघत असेल कापडाखालून? कुंडी भरून पाणी माझ्या पैठणीच्या काठाला लागलं तरी मी घालतच होते. डोकावायला चार पावलं पुरली असती. शकुन-अपशकुन मी मानत नाही, पण ते स्वतःच्या लेकीच्या लग्नात तपासून बघायची माझी छाती झाली नाही.

जेवणं आटोपल्यावर ती कपडे बदलायला खोलीत आली. दार लावून मी तिच्या केसांतल्या पिना काढायला लागले. पिना पुष्कळ होत्या. त्यातल्या बऱ्याचशा निघाल्या आणि मला राहवेना.

"बघितलास का?"

"काय?"

"अंतरपाट."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिचं काजळ गालांवर पसरलं होतं. मला इतका वेळ ते घामाने वाटलं होतं.

"वर धरला तेव्हा बघितला. भारद्वाज आहे एवढं कळलं, आणि मग काही दिसलंच नाही गं. असं रडू फुटलं की थांबेचना. हातात हार, डोळे पुसता येईनात. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय." तिने मनगटाने नाक पुसलं. "दे ना. आता नीट बघते."

मी बॅगा उपसल्या. अंतरपाट नव्हता. ह्यांना गाठलं, तर ह्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की गुरुजींना तो फार आवडला, म्हणून दक्षिणेबरोबर देऊन टाकला. गुरुजी पुढच्या मुहूर्तासाठी सायखेड्याला निघूनही गेले होते. मी ह्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या खोलीतल्या आत्याबाईंनी ते ऐकलं, आणि त्यानंतर त्या माझ्याशी फार जपून बोलल्या.

"गेला," मी परत येऊन म्हणाले.

ती आधी हसली. मग शालूसकट पलंगावर मांडी घालून बसली, उरलेल्या पिना केसांत तशाच.

"मग सांग मला."

"आता? अगं, पाठवणीची वेळ झाली."

"होऊ दे. कुठल्या फांदीवर बसवला होतास त्याला?"

हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारला नव्हता. मग मी सांगायला लागले. फांदी सांगितली, पानांची गर्दी सांगितली, काळ्यातले सगळे रंग सांगितले. मध्ये दोघी रडलो, मध्ये आत्याबाईंच्या कावळ्यावरून हसलो. बाहेरून दोनदा हाक आली, गाडी लागली म्हणून. ती उठली नाही.

पाठवणीच्या वेळी माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मुलीची आई फार कठीण काळजाची आहे, असं मनमाडला अजून सांगतात म्हणे.