दोन उंबऱ्यांचे गाव

फाल्गुनातल्या दुपारी तापीच्या काठाला एक वास असतो, तापलेल्या गाळाचा, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा आणि वाऱ्याने ढीग करून ठेवलेल्या निंबाच्या पानांचा. त्या वासातून मी फुईच्या, म्हणजे वडिलांच्या बहिणीच्या, गावात उतरले, तेव्हा बैलांच्या घुंगरांखेरीज कसलाही नाद नव्हता.

कधीकाळी हे नांदते गाव होते. नदीला उतार इथेच, म्हणून सातपुड्याकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या इथूनच पैलतीर गाठत. मारवाडी शेटजींचे दुकान होते, आठवड्याचा बाजार भरत असे. मग दूर कुठे पूल झाला आणि वाटेने गावाकडे पाठ फिरवली. पुढे एका पावसाळ्यात तापी घराघरांत शिरली आणि वरच्या माळावर सरकारने नवे गाव आखून दिले. माणसे गेली ती दारे, चौकटी, तुळयाही सोबत घेऊन गेली. मागे उरल्या पांढऱ्या मातीच्या भिंती, आणि दर पावसाळ्यात त्याही थोड्या थोड्या नदीकडे निघाल्या.

राहिली दोनच माणसे. एक माझी विधवा फुई, जिला सारे अक्का म्हणत. दुसरे शेजारच्या घरातले नाना; त्यांचा मुलगा केव्हाच वर नव्या गावात राहायला गेला होता. आणि या दोघांत कित्येक वर्षांचा अबोला. पुरानंतर नानांनी पडवी पुन्हा बांधली, ती अक्काच्या अंगणात हातभर सरकली, एवढेच निमित्त. चहूकडे ओसाड रान पसरलेले असताना ही दोघे त्या हातभर जागेवरून एकमेकांकडे न पाहता जगत होती.

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून अक्काला न्यायला आले होते. तिची नजर मंदावत चालली होती. मला वाटले होते, ती अडून बसेल. पण ती मुकाट्याने लुगडी बांधू लागली, आणि मग एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "त्याले सांगी दे, मी जास."

नाना खाटेवर दोर वळत बसले होते. मी निरोप सांगितला. मान वर न करता ते म्हणाले, "जाय म्हना. माले काय करनं शे?"

सकाळी गाडी चढणीला लागली, तर वाटेवर पसरलेल्या बाभळी छाटून बाजूला ओढलेल्या दिसल्या. वळणावर हातात कोयता घेतलेले नाना घामाघूम उभे होते. गाडी थांबली.

"कोन शे?" अक्काने विचारले.

"मी."

बैलांनी दोनदा माना हलवल्या. शेवटी अक्काच म्हणाली, "नाना, तू बी चाल ना."

ते हसले. "मंग गावमा कोन ऱ्हाई?"

भुसावळला तिला काही कमी नव्हते. आगगाड्यांचे आवाज, शेजारणींची ये-जा, मुलांचा गलका. सगळे तिच्याशी अदबीने, जपून बोलत. आणि ती त्या अदबीतच दिवसेंदिवस मिटत गेली. चैत्रात एके दिवशी पानावरून हात मागे घेत म्हणाली, "माले मन्हा घर लई चाल."

"तिथे आहे काय आता, अक्का?"

"तठे भांडाले तरी कोनी शे."

आम्ही परतलो तेव्हा निंब फुलले होते. त्या कडवट-गोड गंधाने ओस गल्ल्या भरून गेल्या होत्या. नानांच्या दाराला कुलूप होते. आमच्या सामानाचे गाठोडे उतरवताना गाडीवान सहज म्हणाला, "तुम्ही ग्यात ना, दुसरा रोजलेच नाना पोऱ्याकडे नवा गावले चालना ग्यात."

अक्का चाचपडत पुढे झाली आणि नानांच्या ज्या ओट्यावर तिने इतक्या वर्षांत पाऊल ठेवले नव्हते, त्यावर जाऊन बसली. एका एकाकी बाईला मी ओसाडीतून सोडवून नेले, असे मी समजत होते. नकळत मी एक अख्खे गाव उठवले होते. अबोल्याने का होईना, ते तोवर नांदत होते.

"अक्का, आते कोठे जानं शे?" गाडीवानाने विचारले.

अक्का ओट्याच्या कडेवरून हात फिरवत राहिली. दूर माळावर नव्या गावाचे पत्रे उन्हात चमकत होते. तिला ते दिसत नव्हते, आणि तिकडे चल असे तिला म्हणावे की नाही, हे मला ठरवता येईना. मी तिच्या शेजारी बसून राहिले.