कच्चा टाका

आमच्या बाजारात तिला टेपताई म्हणतात, कारण मोजायची टेप तिच्या गळ्यात कायम. माझ्या फोटो स्टुडिओला लागूनच तिचं शिवणाचं दुकान. बारा वर्षांचा शेजार, आणि त्यातली निम्मी वर्षं भांडणात गेली. तिच्या मशीनच्या धडधडीनं माझ्या भिंतीवरचे फोटो वाकडे होतात. बाई तोंडाची फटकळ. गिऱ्हाईक दारात आलं की नमस्कार राहिला बाजूला, "पोट दोन इंच वाढलंय तुमचं" हे आधी. शाळेचे गणवेश शिवते, दुहेरी शिलाईचे. कापड फाटेल पण माझी शिवण उसवणार नाही, असं छातीठोकपणे सांगते.

तिचा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनखात्यात होता. आईवडील लवकर गेले, त्याला वाढवला हिनंच. नऊ आठवड्यांपूर्वी भर समुद्रात हत्यारबंद टोळीनं ते जहाज धरलं आणि अकरा जणांना ओलीस ठेवलं. अकराही आमच्याच भागातले. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या घेऊन तासभर बसतो. त्यानं ते सुटतील असं कोणालाच वाटत नाही. पण घरी बसवत नाही, हेही खरं.

पहिल्या गुरुवारसाठी ताईनं निळ्या कापडाचा मोठा फलक केला. अकरा फोटो मी दिले, सगळे माझ्याच स्टुडिओत पासपोर्टसाठी काढलेले. तिच्या भावाला तेव्हा मीच दटावलं होतं, "दात दाखवू नकोस, फोटो परत पाठवतील." आता तो दर गुरुवारी तोंड मिटून माझ्याकडे बघतो. मला मान वर करवत नाही.

चूक झाली ती अशी. ताईनं पहिला फोटो घेतला भावाचा. कडेनं कापडाची पट्टी लावली आणि सवयीनं चारही बाजूंनी मशीन मारली. दुहेरी. तेवढ्यात त्याच जहाजावरच्या आचाऱ्याची बायको दुकानात आली. म्हणाली, "सुटून आले की फोटो काढून घ्यायचेत ना गं? मग इतकं पक्कं कशाला?"

ताईचा पाय जागच्या जागी थांबला. उरलेले दहा फोटो तिनं हातानं, कच्च्या टाक्यांनी लावले. अंगावर घालून बघायच्या कपड्याला घालतात तसे, लांब लांब, पांढऱ्या दोऱ्याचे. टोक ओढलं की सगळा दोरा हातात येतो. भावाची शिवण उसवायला वेळ उरला नाही. नंतर फलक वाचनालयाच्या कपाटात कुलूपबंद झाला आणि तो मागायची हिला लाज.

"लोक म्हणतील, शिवणारी बाई टाक्याला घाबरली," ती मला म्हणाली. घाबरलीच होती. "दादा, माझ्याच हातानं त्याला पक्कं शिवून टाकलं हो," हे तिनं मला किती वेळा ऐकवलं असेल. मी हसण्यावारी न्यायचो.

नवव्या गुरुवारी दुपारी जहाज कंपनीचा गुरुजींना फोन आला. हे निवृत्त मास्तर, आमचं गुरुवारचं बसणं तेच सांभाळतात. एकाला सोडलंय, आजारी होता म्हणून. नाव संध्याकाळी कळवतो.

कोण, ते नाही. सगळ्यांचा जीव टांगणीला लावून त्या माणसानं फोन ठेवला.

सहाला पायऱ्यांवर मी जे ऐकलं ते जन्मात ऐकलं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या माणसाची दुखणी सांगत होता. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या पोराचे गुडघे पहिल्यापासून कच्चे." कोणाचं पित्त, कोणाचा रक्तदाब. आचाऱ्याची बायको हळूच म्हणाली, "ह्यांना साखर आहे."

"माझ्या भावाला लहानपणी दमा होता," ताई म्हणाली. "डॉक्टरची चिठ्ठी आहे घरी." मग माझ्याकडे वळून पुटपुटली, "दादा, तो आजारी असू दे, असं मागतेय मी. कसली बहीण मी!"

मी तिची विझलेली मेणबत्ती माझ्या मेणबत्तीवर पेटवून दिली.

पावणेसातला गुरुजींचा फोन वाजला. ते उभे राहिले, ऐकत राहिले, दोनदा "नक्की ना?" म्हणाले. फोन खाली करून त्यांनी आचाऱ्याच्या बायकोकडे पाहिलं. "तुमचे यजमान."

टाळी कोणी वाजवली नाही. ती बाई हसली नाही, रडलीही नाही. ती ताईकडे बघत राहिली, चोरी पकडल्यासारखी.

"रागावू नकोस गं," एवढंच बोलली.

ताईला राग आलाच होता. हे तिनं मला नंतर स्वतः सांगितलं, "त्या घटकेला ती मला डोळ्यांसमोर नको होती." पण ती उठली. फलकापाशी गेली, आचाऱ्याच्या फोटोच्या कोपऱ्यातलं पांढरं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. सर्रकन सगळा दोरा बाहेर आला. सुटलेला फोटो तिनं बायकोच्या हातात ठेवला.

मग तिनं फलकच खाली उतरवला. गुरुजी "अहो, अहो" म्हणत राहिले. पायरीवर बसून तिनं तो मांडीवर पसरला, पर्समधलं ब्लेड काढलं आणि सगळ्यांच्या देखत भावाची शिवण उसवायला घेतली. स्वतःचीच दुहेरी शिलाई. टाका टाका कापावा लागत होता. अंधारून आलं तसा मी मोबाईलचा उजेड धरला. तासाची वेळ उलटून गेली तरी एक माणूस हलला नाही.

शेवटी पट्टी सुटली. तिनं सुई काढली, पांढरा दोरा काढला, आणि एरवी न बघता सुई ओवणाऱ्या त्या बाईला नेढं सापडेना. चारदा, पाचदा. आचाऱ्याच्या बायकोनं नवऱ्याचा फोटो काखेत धरला, तिच्या हातातली सुई घेतली, ओवली आणि परत दिली.

ताईनं लांब लांब टाके घातले. शेवटी गाठ मारली नाही. वीतभर दोरा तसाच लोंबता ठेवला.

"टोक कोणी कापू नका," ती फलक उचलत गुरुजींना म्हणाली. "ओढायला मी येणार आहे."