कॅसेटच्या उरल्या टेपवर

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे किस्से फार साचतात. सांगणार कुणाला? समोर येतो तो पाच मिनिटांत घोरायला लागतो! मीच झोपवतो, मग तक्रार तरी कशी करू!

एकदा शाहूपुरीत सर्जनसाहेबांबरोबर चहा घेत होतो. एक बाई आल्या, वाकून त्यांच्या पाया पडल्या. "तुमच्यामुळं वाचले बघा!" मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्ये तुमचं ड्रायव्हर काय?" अहो बाई, तीन तास तुमच्या उशाशी बसलोतो की! सगळे हसले, मीही हसलो. वाईट वाटलंच.

बायको गेल्यावर मंगळवार पेठेतल्या घरात बोलायला उरला टेपरेकॉर्डर. भूलशास्त्रात नवीन काय आलंय, ते सांगणाऱ्या इंग्रजी व्याख्यानांच्या कॅसेटी मुंबईहून टपालानं यायच्या. एकदा स्वयंपाकाच्या आक्कांनी बाहेरून आवाज ऐकला आणि दोन कप चहा आणला. "पावणं गेलं व्हय?" म्हटलं, "आत्ताच गेलं." दोन्ही कप मीच प्यालो.

ऐकून झाली की कॅसेट एसटीनं गारगोटीला, तिथले भूलतज्ज्ञ मुल्लासाहेब यांच्याकडं जायची. एकदा परत आली, तर व्याख्यान संपल्यावर उरलेल्या टेपवर चक्क मुल्लासाहेब! वर कुणी रेकॉर्ड करू नये म्हणून कॅसेटला ठेवलेली खाच चिकटपट्टीनं बुजवून रेकॉर्ड केलेलं. "पाटीलसाहेब, हा बाबा म्हणतोय, सुई दिल्यावर वीस मिनिटं थांबा. आमचं सर्जन वीस सेकंद थांबत न्हाय!"

एकटाच खदाखदा हसलो. मीही उत्तर भरून धाडलं. सात वर्षं हे चाललं. भेट मात्र नाही. गाव सोडलं तर केसेस कोण करणार? फोनची घंटा वाजली की केसच! खरं सांगतो, कॅसेट आली की मी आधी शेवट ऐकायचो. तेवढंच माझं माणूस होतं.

मग पुतणीच्या लग्नाला गारगोटीला गेलतो. मांडवातच पोटात कळ आली. अपेंडिक्स! वऱ्हाड्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. तपासणी, विचारपूस सगळी सर्जननंच उरकली. टेबलावर आडवा झालो, औषध शिरेत गेलं आणि डोक्यामागून आवाज आला, "घाबरू नका पावणं, लांब श्वास घ्या की!"

तोच आवाज! केवढं बोलायचं होतं! पण तोंडावर मास्क आला. जागा झालो तेव्हा साहेब पुढच्या केसला निघून गेलेले.

पंधरा दिवसांनी कॅसेट आली. शेवटी मुल्लासाहेब बोलत होते.

"पाटीलसाहेब, परवा लग्नातलं एक पावणं आलतं, आडनाव तुमचंच. भूल चढताना माझा हात घट्ट धरला आणि 'मुल्लासाहेब, मुल्लासाहेब' म्हणत झोपलं. ओळख न्हाय, पाळख न्हाय! लई एकटं असंल बघा बिचारं."