नाव पडलं त्याला फोडणी नाही

टायपिस्ट आत्या कोंबड्यांना अहोजाहो करत असे. मागच्या अंगणात जमिनीवर बसायची, तळहात उताणा करून मातीवर ठेवायची आणि खालच्या आवाजात म्हणायची, "या, बसा." कोंबड्या येत आणि बसत. तंजावूरजवळच्या ओरत्तनाडू गावी एका सरकारी कार्यालयात तिने तीस वर्षं टायपिंग केलं. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला तिथे कुणी बसा म्हटल्याचं तिच्या कानावर कधी आलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिने ही उणीव कोंबड्यांपासून भरून काढायला घेतली.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, पिढ्यानपिढ्या तिथेच राहिलेल्या आमच्या मराठी घराण्याच्या जुन्या घरात, एकटी राहायची. मुलगा चेन्नईत. निवृत्तीच्या महिन्यातच तिने सिरुविडै जातीच्या कोंबडीची अंडी आणून गल्लीतल्या एका खुडूक कोंबडीखाली ठेवली. सिरुविडै ही या मुलखाची जुनी गावठी जात. हाडाने हलकी, नजरेने तीक्ष्ण, चाहूल लागली की थेट शेवग्यावर. ती माणसाळत नाही असं सगळ्यांनी आत्याला सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं. ऐकून घेऊन आपल्याला हवं तेच टाइप करायची सवय तिला नोकरीत लागली होती.

पिल्लं टाइपरायटरच्या टेबलाखाली एका खोक्यात वाढली. वर चाळीस वॅटचा दिवा, खाली भाताचं तूस. पाण्याच्या बशीत खडे, म्हणजे पिल्लू आत पडून बुडत नाही. मी तेव्हा नुकताच एका वर्तमानपत्रात लागलो होतो. खोक्यात घालायला रद्दीचा गठ्ठा घेऊन गेलो, तो तिने परत केला. "तुझ्या पेपरावर पिल्लाचे पाय ठरत नाहीत," ती म्हणाली. "घसरून फाकतात. मग जन्मभर सरळ चालत नाहीत." ते खरंच होतं. मी नंतर दोघांना विचारून खात्री केली.

माणसाळवण्याची तिची रीत एका वाक्याची होती. "वरून येतो तो हात घारीचा, खालून येतो तो आईचा." पिल्लाला वरून उचलायचं नाही. तळहातावर कणी ठेवून हात जमिनीला टेकवायचा आणि वाट पाहायची. पिल्लू आलं तरी मूठ मिटायची नाही. पहिले तीन दिवस कुणी फिरकत नसे. चौथ्या दिवशी एखादं बोटाला चोच मारून पळे. पंधराव्या दिवशी सगळी मनगटावर चढून बसत आणि आत्याला चहाचा पेला डाव्या हाताने धरावा लागे.

नावं तिने आपल्या कामातून घेतली. काळीकुट्ट होती ती कार्बन. हुबेहूब तिच्यासारखी दुसरी निघाली ती ट्रू कॉपी. सदा धावणारी अर्जंट. एका जागी बसली की न हलणारी फाईल. नावांमागे धोरण होतं. आमच्या घरात कोंबडी खातात आणि माझे वडील दर रविवारी बहिणीकडे येत ते निव्वळ बहिणीसाठी नव्हे. आत्याचा नियम असा, की नाव पडलं त्याला फोडणी नाही. वडील अंगणात उभे राहून एकेका पिल्लाकडे बोट दाखवत. "ह्याचं नाव, अक्का?"

"मार्जिन."

"आणि ते तिकडचं?"

"रिबन. तू अंडी घेऊन जा, बाबू."

स्टेशनरी संपल्यावर एकाचं नाव पेन्शन पडलं, तेव्हा वडिलांनी आशा सोडली. रविवारची फेरी मात्र चालू ठेवली.

मग आत्याचे गुडघे गेले. शस्त्रक्रिया चेन्नईला, पुढचं राहणंही मुलाकडेच, तिसऱ्या मजल्यावर. निघायला दहा दिवस होते आणि सात कोंबड्या होत्या. आत्याला गुडघ्यांची काळजी नव्हती. तिने या पाखरांची भीती घालवली होती; आता ती कुणाच्याही हातात जाऊन बसतील, आणि तो हात चुलीकडे वळला तरी पळणार नाहीत, ही काळजी होती. वडिलांनी आपलं अंगण देऊ केलं. "तुझ्याकडे नको," ती म्हणाली. "तू चांगला आहेस. पण तुला भूक लागते."

तिने निवडली सेल्वी. गल्लीच्या तोंडाशी ती फुलं विकते आणि मागेच तिचं घर, अंगण आहे. कोंबडी तीही खाते. पण सकाळचा धंदा आटपला की ती आत्याच्या पिल्लांना टोपलीतली कोमेजलेली पालवी आणून घाली, न सांगता. पहिल्या दिवशी ती बाजारच्या आवाजात "बा, बा" करत आली, वरून हात घातला, आणि साती जणी टाइपरायटरच्या टेबलाखाली गेल्या. आत्याने तिला खाली बसवलं, तळहात उताणा करायला लावला, शब्द शिकवले. सेल्वीला हसू आवरेना. तमिळमध्ये म्हणाली, मी नवऱ्यालासुद्धा इतक्या मानाने बसायला सांगत नाही. आत्या म्हणाली, त्याला नंतर सांग, आधी ह्यांना.

रोज अकरा वाजता सेल्वी येऊन बसे. सहा दिवस कुणीही आलं नाही. सातव्या दिवशी अर्जंट आली, नावाला जागून. नवव्या दिवशी फाईलदेखील हलली.

निघायच्या सकाळी गाडी गल्लीत उभी होती. आत्याने कोंबड्यांना हात लावला नाही. मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि सेल्वीला म्हणाली, आता हाक मार. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सेल्वी खाली बसली. "या, बसा." साती जणी आत्याच्या पायांवरून, तिच्या लुगड्याला घासून, तिच्याकडे न पाहता पलीकडे गेल्या. कार्बन सेल्वीच्या मनगटावर चढली. आत्याने मोजलं, सात. "सेरी, ठीक आहे," ती म्हणाली, "आता मला जाता येईल." गाडीत बसेपर्यंत ती मागे वळली नाही.

चेन्नईहून तिचा फोन येतो तेव्हा गुडघ्यांबद्दल आपण विचारायचं असतं. ती एकच विचारते: सेल्वी हात खालून नेते ना?

नेते. यंदा तिच्याकडे ट्रू कॉपीने नऊ पिल्लं काढली. वडील रविवारी गेले होते, बरोबर मी. सेल्वीला मराठीचे दोनच शब्द येतात, ते तिने आम्हांलाही ऐकवले. आम्ही बसलो. जरा वेळाने वडिलांनी कोपऱ्यातल्या एका गुबगुबीत पिल्लाकडे बोट दाखवून नाव विचारलं. सेल्वीने एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा शेजारच्या टोपलीतल्या अबोलीच्या फुलांकडे.

"कनकांबरम्," ती म्हणाली.

वडील घरी येऊन सांबारभात जेवले.